मास्तरांचं तेल

काकूने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे स्क्रू काढले, झाकण चार बोटं वर उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"काय झालं गं ताई?" मावशीने विचारलं.

"आत काहीतरी मेलंय."

"जिवंत असेल."

"मग तर आणखीच वाईट."

नाकावर रुमाल बांधून तिने झाकण पुन्हा उचललं. आत कॉम्प्युटर दिसतच नव्हता. मावशीच्या मोजे विणायच्या खोलीत सुताची लव सतत उडत असते. ती वर्षानुवर्षं पंख्यावाटे आत ओढली गेली होती आणि तेल पिऊन तिची काळी, चिकट गोधडी झाली होती. त्या गोधडीत झुरळांनी आपली बाळंतपणं उरकलेली. एका कोपऱ्यात त्यांची रिकामी टरफलं ओळीने पडली होती, समारंभानंतर खुर्च्या रचून ठेवाव्यात तशी.

"शी," काकू म्हणाली.

काकूच्या ‘शी’ला फारसा आवाज नसतो. दात मिटून, ओठ न हलवता, हवा आत ओढून ती म्हणते. नळावर, जिन्यात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. घरातली लहान मुलं बोलायला शिकतात तेव्हा ‘आई’नंतर काकूची ‘शी’च शिकतात.

आणि या बाईने धंदा कुठला निवडावा? तर जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा. नव्याला ती हात लावत नाही. तिच्या गाळ्यात येतात ते एखाद्या मशीनला जखडलेले म्हातारे कॉम्प्युटर: कुणाचा लेथला बांधलेला, कुणाचा वजनकाट्याला, कुणाचा लेबलं छापायच्या यंत्राला. तो गेला की मशीनही गेलं, म्हणून मालक त्याला कुरवाळत जगवतात, पण कधी पुसत मात्र नाहीत. कीबोर्डच्या फटीत नखं, दाढीचे केस, वाळलेला चहा. एकदा तर पंख्याच्या मागे अख्खी पाल निघाली, कागदासारखी चपटी. त्या दिवशी काकू जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा मात्र वेळेवर उघडला.

"अहो, मग हेच काम कशाला?" असं तिला कुणी विचारलं की काका परस्पर उत्तर देतात, "नाक मुरडायला कारण नको का रोज?"

खरं कारण मला वाटतं तिची अंघोळ. तिची स्वतःची नव्हे, कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डांची. काकूकडे आलेलं कुठलंही कार्ड आधी मोरीत जातं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि एक निळा टूथब्रश. घासून घासून ती त्याला नळाखाली धरते आणि मग गच्चीवर टॉवेल अंथरून उन्हात वाळवते. पहिल्यांदा बघणारा ओरडतोच.

"काकू, पाण्यात?"

"पाण्याने मरत नाही ते. अंगात वीज असताना पाणी पडलं तर मरतं. तुमचंही तसंच आहे."

"पण त्या चिपा तरी काढून घ्या."

"ऊन सगळीकडे पोचतं."

आणि कार्ड खरंच चालायचं. हिरवंगार, साबणाच्या वासाचं, नव्यासारखं. गिऱ्हाईक ते दोन्ही हातांत धरून न्यायचं आणि काकू दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघायची. तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर किळस नसायची. दिवसातून तेवढाच वेळ.

मावशी म्हणजे काकूची धाकटी बहीण. तिच्या कारखान्यात एकच मोठं मशीन आहे, आणि तो कारखाना म्हणजे घराच्या मागच्या दोन खोल्या. ज्यांनी पाय गमावलाय आणि जे कृत्रिम पाय लावतात, त्यांच्यासाठी तिथे मोजे विणले जातात. उरलेल्या पायावर आधी हा मोजा चढतो आणि मग कृत्रिम पाय. त्याला शिवण चालत नाही. शिवण असली की दिवसभर तिथेच घासतं आणि जखम होते. प्रत्येकाचं माप वेगळं असतं. ती मापं आणि विणीचा प्रोग्रॅम जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तो मशीनला एकेक ओळ सांगतो आणि मशीन विणतं.

मशीन चालवतात मास्तर, मावशीचे यजमान. त्यांना सगळेच मास्तर म्हणतात, मावशीसुद्धा. विणकामातला त्यांचा हात असा, की गिऱ्हाइकं मोजा उलटा करून शिवण शोधतात आणि सापडली नाही की खुश होऊन परत सुलटा करतात.

पण काकूला मास्तर बघवत नाहीत. खिशात तेलाची चोचवाली डबी, खिशाखाली तेलाचा कायमचा काळा डाग. विचार करताना ते मशीनची जुनी सुई काढून कान कोरतात, मग ती सुई बघतात आणि परत खिशात ठेवतात. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा काकूकडे आले तेव्हा सोफ्याच्या पाठीवर डोक्याचा तेलकट गोल उमटवून गेले. काकूने त्यावर कापड टाकलं. कापड बदलत आलंय, गोल तोच आहे.

तर बिघाड असा होता. कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी आपली मेमरी मोजतो, पडद्यावर आकडे चढत जातात. त्याची स्वतःची मेमरी थोडी आहे, विणीच्या प्रोग्रॅमला पुरत नाही. म्हणून आत हातभर लांबीचं एक जादा कार्ड खाचेत उभं केलेलं आहे. त्यावर काळ्या चिपांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक चिप आपल्या छोट्या बैठकीत दाबून बसवलेली. आता मोजणी त्या कार्डापर्यंत आली की अडखळायची, एक आकडा दाखवायची आणि थांबायची. कार्ड काढलं तर कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण प्रोग्रॅम म्हणायचा, जागा नाही.

काकूने चिमट्याने गोधडी उचलली, कागदावर ठेवली, कागद पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग खाचेवर टॉर्च धरला. खाच ओली चमकत होती.

"इथे तेल कुणी घातलं?"

"मी," मास्तर दारातून म्हणाले. "काडीने घालतो. एक थेंब, महिन्यातून."

"का?"

"धातूला धातू लागतो तिथे तेल लागतं."

"इथे काही फिरत नाही मास्तर. इथून वीज जाते."

"जात होती की इतकी वर्षं."

"आता थांबली ना?"

मास्तरांनी खिशातली सुई काढली. काकूने मान फिरवली. भिंतीकडे बघतच ती बहिणीला म्हणाली, "हे बघ, कॉम्प्युटर वाचवायचा असेल तर यांना या खोलीत येऊ देऊ नकोस. या माणसाने त्याला भजी तळायच्या कढईसारखा वापरलाय."

"ताई, मशीन तेच चालवतात."

"मशीन चालू दे आधी."

मावशीने नवऱ्याकडे बघितलं. मास्तर बाहेरच्या पॅकिंगच्या टेबलावर जाऊन बसले.

मावशीची घाई वेगळीच होती. एका कंपनीचा माणूस महिनाभर तिच्या मागे लागला होता. नवीन मशीन, नवीन कॉम्प्युटर, सोबत त्यांचाच ऑपरेटर. त्यावर शाळेचे मोजे निघतील, ढिगाने. शनिवारी तो सही घ्यायला येणार होता आणि तोवर जुना कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर मावशी सही देणार होती. सही झाली की जुनं मशीन भंगारवाला त्याच दिवशी उचलणार होता. कॉम्प्युटर उघडला त्याच रात्री जेवताना मावशीने हे मास्तरांना सांगितलं.

"मग मी काय करायचं?" मास्तरांनी विचारलं.

"जोड्या लावा."

"आपल्या मोज्यांना जोडी नसते."

"शाळेच्या मोज्यांना असते," मावशी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

हे मावशीनेच दुसऱ्या दिवशी सकाळी काकूला सांगितलं, डोळे पुसत. काकू म्हणाली, "तूही जास्तच बोललीस. पण तो तेलाचा डबा घरात बसलेला बरा."

तिने कार्ड गाळ्यात नेलं. अंघोळ घालून उन्हात वाळवायला वेळ नव्हता म्हणून स्पिरिटने सोनेरी कड पुसली आणि खोडरबराने घासली. मग आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये लावलं. आकडे सरसर वर चढले आणि शेवटपर्यंत गेले. पुन्हा लावलं, पुन्हा गेले. काकूने बहिणीला फोन केला. "मी म्हटलं नव्हतं? तेलच."

कार्ड कारखान्यात परत बसवलं. मोजणी पूर्ण झाली. प्रोग्रॅम उघडला. मावशीने मशीन सुरू केलं, खोली थरथरायला लागली, सुया खडखडल्या आणि चौथ्या ओळीला सगळं थांबलं. पडद्यावर तोच आकडा.

"मास्तर आत आले होते?" काकूने विचारलं.

"नाही गं."

"जेवायच्या वेळी?"

"ताई, ते तिथे बसलेत. सकाळपासून. पाण्यालासुद्धा उठले नाहीत."

काकू दारापर्यंत गेली आणि मास्तरांच्या हातांकडे बघून आली. ते रबरबँड सोडवत होते. नखांच्या कडा काळ्या होत्या. तिला तेवढं पुरलं.

"तेल आत झिरपलंय," ती म्हणाली. "चिपांखाली. हा माणूस नसला तरी त्याचं तेल फिरतंय."

त्या आकड्यावरून कुठली चिप रुसली हे काकूला कळतं. तिने ती चिप काढून दुसऱ्या रांगेत बसवली आणि त्या रांगेतली इथे आणली. चिप खराब असेल तर दुखणं तिच्याबरोबर जायला हवं. मशीन सुरू केलं, मशीन थांबलं. आकडा जुनाच. म्हणजे दोष चिपेचा नव्हता, जागेचा होता. कुणीही येऊन बसलं तरी तिथेच दुखणार.

मावशी दारात फोन घेऊन उभी होती. "त्याला काय सांगू? उद्या शनिवार."

"ये म्हणून सांग. आणि मला जरा एकटीला सोड."

काकूने कार्ड टेबलावर आडवं ठेवलं, इस्त्री तापवली, म्हणजे तिची डाग द्यायची, आणि त्या बैठकीचे पाय एकेक करून मोकळे केले. तिला खात्री होती, खाली काळं तेल असणार. ते पुसायला कापूससुद्धा तिने आधीच काढून ठेवला होता. मास्तरांना दाखवायला एक पांढरा कागदही.

बैठक उचलली गेली.

तेल नव्हतं. खाली सगळं कोरडं होतं. पायांच्या मुळाशी हिरवी, खरबरीत पूड बसली होती, जुन्या नळाच्या तोटीवर बसते तशी. कार्डाच्या पट्टीवर पांढरट कड उमटली होती, पाणी साचून हळूहळू सुकत गेलं की बादलीच्या तळाला उमटते ती. आणि हिरव्या पुडीत रुतलेला एक केस. काकूला वाटलं झुरळाचा पाय. चिमट्याने धरून तिने तो उजेडात आणला.

निळा होता. टूथब्रशचा.

काकूने शेजारची बैठक उचलली. हिरवी. तिच्या पलीकडची, हिरवी. कार्ड पहिल्यांदा या घरात आलं तेव्हा तिनेच आणून दिलं होतं, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून, स्वतः अंघोळ घालून. ऊन वरून पडलं होतं. खाली, बैठकीच्या पोटात, साबणाचं पाणी राहिलं होतं आणि ते आतल्या आत इतकी वर्षं धातू खात होतं. मशीन थरथरलं की कुजलेला पाय हलायचा. गाळ्यात टेबल थरथरत नव्हतं, एवढंच.

तिने टॉर्च घेऊन कॉम्प्युटरमधली खाच पुन्हा बघितली. मास्तरांच्या तेलाखाली सोनं दुकानातल्यासारखं झळकत होतं.

पाल निघाली होती त्या दिवशी ती जेवली नव्हती, पण ती पाल दुसऱ्याची होती.

"काय, तेलच ना?" मावशी आत डोकावली.

हो म्हणायला एक श्वास पुरला असता. बैठका बदलल्या असत्या, कार्ड चाललं असतं, मास्तर जन्मभर तेलवाले राहिले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. काकूने हवा आत ओढली.

"मास्तर कुठे आहेत?"

"तिथेच."

काकू बाहेर आली. पांढऱ्या कागदावर निळा केस होता. तो तिने मास्तरांच्या पुढ्यात, रबरबँडांच्या शेजारी ठेवला.

"हे काय?"

"माझा ब्रश."

मास्तरांनी वाकून बघितलं. "इतका बारीक?"

"त्याचा एक केस. कार्डात होता, चिपेखाली. आत गंज आहे. मी धुतलं होतं ना ते, त्याच पाण्याचा."

"बरं."

"तुमच्या तेलाने काही झालेलं नाही. जिथे तेल होतं तेवढंच चांगलं राहिलंय."

मास्तरांनी रबरबँड बोटाला गुंडाळला. "हे मला काय सांगता ताई? मला माहीत होतं मी काही केलं नाही. तिला सांगा."

"सांगते."

"आत्ता सांगा. मी ऐकतो इथून."

मावशी मागेच उभी होती. काकूने वळून पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, गंज आणि अंघोळ आणि ऊन. सांगताना ती हातरुमालाने बोटं पुसत होती, एकेक, पुन्हा पुन्हा. मावशी ऐकत राहिली आणि मग एकदम खाली बसली.

"मी यांना ताटावर बोलले, ताई."

"मला माहीत आहे."

"तू म्हणालीस म्हणून बोलले. तू म्हणालीस भजीची कढई. मी ते शेजारणीलासुद्धा सांगितलं. हसलो आम्ही दोघी."

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी."

"म्हणी नको सांगूस गं आता. होईल का नीट ते सांग."

"होईल. बैठका सगळ्या फेकते. चिपा थेट पट्टीला डाग देऊन बसवते, मधे काही नकोच."

दुपारभर ती डाग देत बसली. हिरवी पूड खरवडताना ती उडून तिच्या ओठांवर बसली. तांब्याची कडवट चव आली. तोंड धुवायला ती उठली नाही. आपलीच घाण आहे, असं काहीतरी पुटपुटली. पुन्हा वर बघितलं तर मास्तर उंबऱ्याबाहेर उभे होते.

"येऊ का आत?"

"तुमचीच खोली आहे."

"बंदी होती म्हणून विचारलं." ते आले नाहीत, चौकटीला टेकले. "एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा."

"मी घाण वाटतो ना तुम्हाला?"

डाग द्यायची इस्त्री हातातच राहिली. खोटं बोलायचा काकूचा त्या दिवसापुरता तरी सराव सुटला होता. "हो."

"आता, हे सगळं झाल्यावरही?"

काकूने त्यांच्या खिशाकडे बघितलं. "हो. कान कोरता ना तुम्ही, ते मला बघवत नाही."

"ते आमच्या हिलापण बघवत नाही." मास्तर जरा हसले, मग थांबले. "म्हणजे तुम्ही झाकण उघडलंत आणि मी दिसलो. तेल नंतर दिसलं."

काकू खाली वाकली आणि पुढच्या पायाला डाग दिला, डाग ओघळला. तिने तो शोषून काढला आणि पुन्हा दिला.

"तुमचं काम मी नेहमी मानलं," मास्तर म्हणाले. "अंघोळसुद्धा. मी शेजारच्या लेथवाल्याला सांगितलं होतं, काकूंकडे दे, धुऊन देतात."

"त्याचं कार्डही असंच असणार," काकू म्हणाली. "सगळ्यांचीच असणार."

"मग सांगाल त्यांना?"

"सांगावं लागेल."

संध्याकाळ व्हायच्या आत कार्ड खाचेत बसलं. आकडे चढले, टोकाला गेले, प्रोग्रॅम उघडला. मावशी मशीनच्या बटणापाशी गेली आणि बाजूला झाली. मास्तर उंबरा ओलांडून आले, हात शर्टाला पुसले, काकूने ते बघितलं, आणि त्यांनी मशीन सुरू केलं. खोली थरथरली. चौथी ओळ गेली. दहावी गेली. मोजा खालून बाहेर यायला लागला, गोल, पांढरा, बिनशिवणीचा. मास्तरांनी तो पुरा होऊ दिला, मुठीवर उलटा चढवला, खिडकीकडे फिरवून बघितला आणि पुढचं माप लावलं.

मावशी फोन घेऊन बाहेर गेली. मशीनच्या आवाजात तिला मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून आत दोघांनाही ऐकू येत होतं.

"हो, मीच. उद्याचं रद्द करा. नाही, पुढच्या आठवड्यात नाही, कधीच नाही... कळलं हो, ऑपरेटर तुमचाच येतो... आमच्याकडे आहे ना माणूस... नाही, शिकलेला नाही... नाही, आजारी नव्हता. बाहेर बसवला होता. आम्हीच."